कान जाणारा जॉबर: एका पटकथेच्या दोन बैठका

प्रकरणातली लेखिका इचलकरंजीची. वय 27. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग अडला की ज्याच्या नावानं हाक जाते तो माणूस. पुण्यातली नोकरी सांभाळून तिनं दोन वर्षांत एक पटकथा पुरी केली, 118 पानांची, आणि माझ्याकडे वाचायला आणून दिली. मी नव्या लेखकांच्या संहिता वाचतो, त्यांच्याबरोबर बसतो, कधी निर्मात्याकडे सोबतही जातो. वाचून झाल्यावर मी तिला म्हटलं होतं, ह्याला निर्माता मिळणार. पहिल्या बैठकीत तो मिळाला नाही आणि त्यात चूक तिच्याइतकीच माझी होती. दुसरी बैठक साडेतीन महिन्यांनी झाली. मधल्या काळात जे उमगलं ते तिच्या परवानगीनं, माणसांची नावं गाळून, इथं लिहितो आहे.

आधी गोष्ट सांगतो. पन्नाशीचा एक जॉबर. शेडमध्ये एकाच वेळी 40 माग चालू असतात, बाजूच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही, पण त्यातला कुठला माग आजारी आहे हे ह्या माणसाला आवाजावरून कळतं. गावात त्याची तीच ख्याती. आयुष्यभर त्याच आवाजात उभं राहून आता त्याचे कान चाललेत. मालकाला कळलं तर काम जाईल, म्हणून तो लपवतो. घरात सगळ्यांत आधी कळतं ते बारावीतल्या मुलीला. एवढी गोष्ट. पण पहिल्या खर्ड्यात ह्याच्याभोवती एक संप होता, काकाचं कर्ज होतं, मुलीचं प्रेम होतं, आणि बंद पडत चाललेल्या कारखान्यांचं भलंमोठं दुःख होतं.

अंधेरीतली पहिली बैठक

निर्माते मराठीत तीन-चार चित्रपट केलेले. ऑफिस अंधेरी पश्चिमेला. वेळ दुपारी तीनची होती, आत बोलावलं पावणेपाचला. ती दिवसभर फाइल छातीशी धरून बसली होती.

मी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "आधी जग उभं कर. ह्या लोकांना यंत्रमाग म्हणजे काय तेच माहीत नसतं." तिनं ते तंतोतंत पाळलं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तिथून सुरुवात. मग गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर का म्हणतात ते. मग वीजदर, सुताचे भाव, परप्रांतातून आलेले कामगार. कांडीवाला कोण, वहिफणीवाला कोण, घडीवाला आणि दिवाणजी काय करतात. सगळं खरं आणि सगळं तिच्या घरातलं. निर्माते चांगले ऐकत होते, हे मला आवर्जून सांगायचं आहे. त्यांनी मोबाइल उलटा ठेवला होता. पण नायकाचं नाव यायला आठ मिनिटं लागली, आणि कान जाण्याची गोष्ट आली तेव्हा 14 मिनिटं झाली होती. तोवर 11 पात्रांची नावं होऊन गेली होती.

बाविसाव्या मिनिटाला त्यांच्या भागीदाराचा फोन आला. निर्मात्यांनी तो आमच्यासमोरच घेतला. "हां, बसलोय. एक मुलगी आलीय, स्क्रिप्ट ऐकवतेय… अरे ते कामगारांवर आहे. इचलकरंजी, लूम वगैरे. डॉक्युमेंटरी टाइप आहे थोडं, पण चांगलंय."

बैठक तिथं संपली. पुढं दहा मिनिटं चहा झाला, "बाउंड स्क्रिप्ट", म्हणजे पूर्ण लिहिलेली पटकथा, "पाठवून ठेवा" झालं, त्यांनी मनापासून कौतुकही केलं. पण फोनवरची ती दोन वाक्यं ऐकताना तिचा चेहरा मी पाहिला होता. लोकलमध्ये ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, त्यांनी खोटं काही सांगितलं नाही ओ. मी जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं."

ह्या प्रकरणाचा सगळा गाभा तिच्या त्या वाक्यात आहे. आपण पिचिंगची, म्हणजे निर्मात्याला थोडक्यात गोष्ट सांगून पटवण्याची, तयारी करतो ती समोर बसलेल्या माणसासाठी. पण तो माणूस शेवटचा ऐकणारा नसतो. त्याला ती गोष्ट पुढं भागीदाराला सांगायची असते, पैसे लावणाऱ्याला सांगायची असते, नटाला, वितरकाला, वाहिनीतल्या कुणाला तरी सांगायची असते. आपण त्यातल्या एकाही खोलीत नसतो. आपली 22 मिनिटं त्याच्या तोंडी 10 सेकंदांची होतात, आणि निर्णय त्या 10 सेकंदांवर होतात. ते 10 सेकंद आपण त्याच्या हातात दिले नाहीत तर तो स्वतःचे बनवतो. त्या निर्मात्यांनी बनवले. त्यांच्या डोक्यात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वेळ कामगार आणि लूम भरले होते, तेच बाहेर आले.

आपल्याकडे ह्यात आणखी एक गोंधळ आहे. हिंदी-मराठीत नॅरेशनची जुनी परंपरा. लेखक दोन-दोन तास अख्खा सिनेमा वाचून दाखवतो, संवादांसकट, पार्श्वसंगीताच्या जागांसकट. ती वेगळी आणि फार सुंदर कला आहे. पण नॅरेशन होतं ते ऐकणाऱ्यानं "बसूया, ऐकूया" म्हटल्यानंतर. पिच असतं ते त्याला "बसूया" म्हणावंसं वाटावं म्हणून. आम्ही पिचच्या वेळेत नॅरेशनची प्रस्तावना करून आलो होतो.

मेसच्या काकू

तिनं घरी येऊन वनलाइन, म्हणजे गोष्ट एका ओळीत सांगणारं वाक्य, लिहायला घेतली. 40 तरी लिहिल्या असतील. "यंत्रमाग उद्योगाच्या पडझडीच्या पार्श्वभूमीवर एका कामगाराच्या जिद्दीची कथा." "आवाजाच्या जगात हरवत चाललेल्या एका माणसाचा शोध." अशी वाक्यं कागदावर बरी दिसतात, पण कुणीही कुणाला फोनवर अशी वाक्यं सांगत नाही. "पार्श्वभूमीवर" हा शब्द बोलताना कुणाच्या तोंडी येतो?

मग एक साधी गोष्ट केली. कर्वेनगरला ती जिथं जेवते त्या मेसच्या काकूंना तिनं भाजी निवडता निवडता गोष्ट सांगितली, अर्धा तास, सगळी. काकूंना सांगितलं नाही की ही परीक्षा आहे. दोन दिवसांनी काकूंची बहीण साताऱ्याहून आली होती, तेव्हा जेवताना ती सहज म्हणाली, "काकू, ती माझी सिनेमाची गोष्ट सांगा की मावशींना." काकूंनी पोळी लाटता लाटता सांगितली:

"अगं, एक माणूस आहे. चाळीस मशिनी चालू असल्या तरी कुठली बिघडलीय ते त्याला नुसत्या आवाजावरून कळतं. आणि तोच बहिरा होत चाललाय. मालकाला माहीत नाही. पोरीला कळलंय, मग ती जाते त्याच्याबरोबर. तीच त्याचा कान होते."

मावशी म्हणाल्या, "मग? सापडतात का?"

तिनं ते वाक्य हात धुवायच्या आधी मोबाइलवर टिपून घेतलं. अर्ध्या तासातलं काय उरलं आणि काय गळालं ते बघण्यासारखं होतं. संप गळाला. काकाचं कर्ज गळालं. प्रेमप्रकरण काकूंना आठवलंच नाही. उरला तो माणूस, त्याची कला, त्याच कलेवर आलेलं संकट आणि ते लपवणं. शिवाय ऐकणाऱ्या बाईंच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो नेमका जो प्रेक्षकाच्या मनात यायला हवा तो.

पण खरी गंमत काकूंच्या शेवटच्या वाक्यात होती. "ती त्याचा कान होते" हे संहितेत नव्हतं. संहितेत मुलीला कळतं, ती रडते, आईला सांगते, वडिलांना दवाखान्यात नेते. ती शेडमध्ये कामाला येतच नाही. काकूंनी गोष्ट पुरी करताना जी जागा रिकामी वाटली ती आपोआप भरली होती.

त्या रात्री तिनं मला फोन केला तेव्हा आवाज कापत होता. दोन वर्षांच्या कामाला हात घालायचा म्हणजे काय ते लिहिणाऱ्यालाच कळतं. मी तिला घाई करू नको म्हटलं, पण मलाही पटलं होतं. पिचमध्ये गोष्ट पकड घेत नव्हती त्याचं कारण फक्त बोलण्यात नव्हतं. पटकथेच्या मध्यावर मुलगी नुसती बघ्याची भूमिका करत होती, आणि ते भोक संपानं आणि कर्जानं बुजवलं होतं. पुढचे अडीच महिने तिनं पुन्हा लिहिलं. आता मुलगी डबा द्यायच्या निमित्तानं रोज शेडमध्ये येते, बिघडलेला माग ऐकते आणि वडिलांना खुणेनं दाखवते. संप गेला. 118 पानांची 96 झाली. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची घडामोड हीच. पिच बसत नसेल तेव्हा आधी पटकथेकडे बघावं. शब्दांची आलटापालट नंतर.

चोरीची भीती आणि कागद

काकूंना गोष्ट सांगताना ती घाबरली नव्हती, पण निर्मात्यांना पाठवताना घाबरत होती. ही भीती प्रत्येक नव्या लेखकाला असते आणि ती खोटी नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स ह्या 1978 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं: कल्पना, विषय, सूत्र ह्यांवर हक्क नाही, ती ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर आहे. म्हणजे "बहिरा होणारा जॉबर" एवढी ओळ कुणाची मालमत्ता होत नाही, लिहिलेली 96 पानं होतात. पण दुसरीही बाजू आहे. 2003 साली मुंबई उच्च न्यायालयानं सनडायल कम्युनिकेशन्सच्या प्रकरणात एका वाहिनीला मनाई केली, कारण मालिकेची संकल्पना लेखी होती, लेखक संघटनेकडे नोंदलेली होती आणि ती वाहिनीला विश्वासानं दिलेली होती. कल्पना विश्वासानं सांगितली होती हे दाखवता आलं, तर कायद्याला धरायला काहीतरी मिळतं.

तिनं मग तीन गोष्टी केल्या. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन सारांश आणि नवी पटकथा दोन्हीची नोंदणी केली. ती ऑनलाइन होते. बैठकीला जायच्या आधी दोन ओळींची मेल पाठवली, की उद्या अमुक पटकथेबद्दल भेटायला येते आहे. आणि बैठक झाल्यावर त्याच मेलला उत्तर म्हणून काय काय बोलणं झालं ते लिहिलं. एवढ्यानं पुरेसा पुरावा राहतो. पहिल्याच भेटीत गुप्ततेच्या करारावर सही मागणं मात्र तिनं टाळलं. मीही तोच सल्ला देतो, कारण अनोळखी लेखकासाठी कुणी ती सही करत नाही आणि दार तिथंच बंद होतं.

गोव्याच्या फिल्म बाजारचाही विचार झाला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ 2007 पासून तो भरवतं आणि तिथला सहनिर्मितीचा बाजार, म्हणजे प्रकल्पाला भागीदार निर्माते शोधायची जागा, मोठा आहे. पण तिथं प्रकल्प न्यायचा तर दिग्दर्शक हवा, तो काय आणि कसा करणार ह्याचं टिपण हवं. हिच्याकडे दिग्दर्शक नव्हता आणि स्वतःला करायचा नव्हता. तो मार्ग सोडला.

दुसरी बैठक

ह्या वेळी दुसरे निर्माते. खोलीत ते आणि त्यांची एक सहायक, जी लॅपटॉपवर दुसरंच काही करत होती. भागीदार बाहेरगावी.

तिनं फाइल उघडली नाही. पेन उलटं धरलं आणि टेबलावर ठोके द्यायला लागली. खट-खट, खट-खट, खट-खट. एका लयीत. पाच-सहा वेळा. मग एक ठोका किंचित उशिरा पडला. सहायकेनं मान वर केली.

"तुम्हाला ऐकू आला ना तो? असे 40 माग एकदम चालू असतात. त्यातला सात नंबरचा असा अडखळतोय, हे माझ्या गोष्टीतला जॉबर दारात उभा राहून सांगतो. आख्ख्या गावात असा एकच माणूस. आणि तो बहिरा होत चाललाय. मालकाला माहीत नाही. फक्त मुलीला माहीत आहे, आणि ती आता त्याचा कान झाली आहे."

एवढं बोलून ती थांबली. थांबणं आम्ही ठरवलं नव्हतं, तिला सुचलं. निर्माते म्हणाले, "मग?"

पुढचं सगळं मिळून नऊ मिनिटांत झालं. नावं फक्त दोन: बाप आणि मुलगी. बाकी सगळे "मालक", "आई", "दिवाणजी". शेवट तिनं लपवला नाही. नवे लेखक इथं हमखास चुकतात. "शेवट तुम्ही वाचाच" म्हणतात. समोरचा माणूस कोट्यवधी रुपयांचा विचार करत असतो, त्याला कोडं घालायचं नसतं. तिनं सांगितलं: बाप स्वतःच मालकासमोर कबूल करतो, आणि त्या रात्री अडलेला माग मुलगी एकटी दुरुस्त करते, ज्या शेडमध्ये आजवर बाईमाणसानं पाना हातात धरलेला नाही.

मग प्रश्न. "आत एवढा आवाज असेल तर डायलॉग कसे ऐकू येणार?" ती म्हणाली, "आत कुणी बोलतच नाही सर. माझे वडील 30 वर्षं खुणांनी बोलतायत. चहा आला, सूत संपलं, मालक आला, सगळ्याला खुणा आहेत." आणि तिनं तीन खुणा करून दाखवल्या. मी तिला "तू ही गोष्ट का सांगतेस" ह्या प्रश्नाचं उत्तर पाठ करायला लावलं होतं. त्याची गरजच पडली नाही. तिच्या हातांनी ते उत्तर दिलं.

"बजेट?" आकडा तिनं सांगितला नाही, आणि ते बरोबर केलं. लेखकानं आकडा सांगू नये, आकड्याला कारणीभूत होणाऱ्या गोष्टी सांगाव्यात. शेड एक, घर एक, दवाखाना एक. पात्रं मोजकी. शेड साप्ताहिक सुट्टीला शूटिंगसाठी मिळू शकते, तिनं मालकाला विचारून ठेवलं होतं.

सगळं छान झालं असं मात्र नाही. निर्माते म्हणाले, "मुलीऐवजी मुलगा केला तर? मग एखादा तरुण हिरो घेता येईल, विकायला सोपं." आणि ती पटकन म्हणाली, "हो, करता येईल."

मला चर्र झालं. नव्या माणसाला वाटतं, नाही म्हटलं तर संधी जाईल. पण अशा सूचनेला लगेच हो म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, लेखकाला स्वतःच्या गोष्टीचा आधारखांब कुठला ते ठाऊक नाही. उलट लगेच नाही म्हटलं तर माणूस हट्टी वाटतो. "विचार करून सांगते" हे वाक्य त्यासाठीच आहे. तिनं नंतर सावरलं. दुसऱ्या दिवशीच्या मेलमध्ये लिहिलं: "मुलग्याचा विचार रात्रभर केला. मुलगा असेल तर मालक दुसऱ्या दिवशी बापाच्या जागी त्यालाच कामावर घेईल आणि गोष्ट मध्यंतराआधी संपेल. मुलगी आहे म्हणून तिचं ऐकणं लपवावं लागतं." तत्त्व नाही, भाषण नाही, नुसता कथेचा हिशेब. त्या मेलला निर्मात्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं: "पटलं."

पुढं

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. ह्या खेपेला भागीदार तिथं होते, ज्यांनी आजवर तिचं तोंडही पाहिलं नव्हतं आणि पटकथेचं पानही वाचलं नव्हतं. आम्ही आत गेलो तर ते खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले, "या या. तो कान जाणारा जॉबर तुमचाच ना? ती मुलगी शेवटी सापडते का हो?" तिनं माझ्याकडे बघितलं. अंधेरीचा तो फोन आम्हा दोघांनाही आठवला.

कराराचा पहिला मसुदा आला त्यात सर्व माध्यमांतले सर्व हक्क कायमचे द्यायचे होते आणि रॉयल्टीवर पाणी सोडायचं होतं. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर, सिनेमा थिएटरात दाखवण्यापलीकडच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा लेखकाला असा सोडून देताच येत नाही. तिनं वकिलाला कागद दाखवला, ते कलम गेलं. ठरलं ते असं: पटकथा एक वर्ष त्यांच्याकडे राखून, सहीला काही रक्कम, पक्का खर्डा दिल्यावर काही, श्रेयनामावलीत तिचं एकटीचं नाव. वर्षात काही हललं नाही तर पटकथा तिची तिला परत. सध्या दिग्दर्शकाचा शोध चालू आहे. सिनेमा होईल की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही.

सही झाल्यावर ती गावी गेली आणि तिनं वडिलांना पहिल्यांदा अख्खी गोष्ट सांगितली, जरा मोठ्यानं, कारण त्यांचाही उजवा कान आता कमी चालतो. तोवर शेवटच्या प्रसंगात मुलगी मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून हादरा ओळखते असं लिहिलेलं होतं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात कशाला ठेवंल ती? चपला काढून उभी कर तिला. शेडात सगळं पायातनंच कळतंय की."

तिनं तो प्रसंग त्याच रात्री बदलला.